चाल घेतली, प्रश्न राहिला



आजचा विषय आहे ख्रिस्ती माणूस आणि लोकप्रिय संस्कृती. शब्द जरा पुस्तकी आहे, पण अमरावती-अकोल्यात त्याचा अर्थ शोधायला लांब जावं लागत नाही. हातातला मोबाइल, रात्रीची मालिका, वरातीतला डीजे, गणपतीच्या मंडपातलं गाणं, पोरांच्या रील. आपण यातच राहतो. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती मंडळ्या लहान आहेत, आणि शेजार बहुतेक दुसऱ्या धर्मांचा. तेव्हा ‘यापासून दूर राहू’ असं म्हणणं सोपं असतं, राहणं अवघड असतं.

आमच्या मंडळ्यांमध्ये याबाबत दोन उत्तरं ऐकू येतात. एक उत्तर वडीलधाऱ्यांचं. सिनेमा पाहू नये, जगाचं वारं घरात येऊ देऊ नये. दुसरं तरुण संघाचं. सिनेमाची चाल घ्यावी, तिच्यात प्रभूचे शब्द घालावेत, म्हणजे पोरं उपासनेला येतील. या दोन उत्तरांचं आपसात भांडण चालतं. आम्हाला मात्र ती सख्खी भावंडं वाटतात. तो सिनेमा किंवा ते गाणं काय विचारतंय, हे दोघंही ऐकत नाहीत. एक जण दार लावून घेतो, दुसरा चाल उचलून निघून जातो. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की लोकांना मनापासून भिडलेल्या गोष्टीत बहुतेक वेळा एखादा प्रश्न दडलेला असतो. तो आपल्या घरापर्यंत येऊ देणं, याला आम्ही विचारपूर्वक जगणं म्हणतो.

उदाहरण घेऊ. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. मराठी चित्रपटाने तोवर कधी केली नव्हती एवढी कमाई त्याने केली. अजय-अतुल यांचं ‘झिंगाट’ त्या उन्हाळ्यात वाजलं नाही अशी वरात सापडणं कठीण होतं, आणि ख्रिस्ती वराती त्याला अपवाद नव्हत्या. वडीलधाऱ्यांनी सिनेमाचं नाव काढलं ते पोरं कशी बिघडतात हे सांगायला. तरुणांनी काढलं ते नाचायला.

आता त्या सिनेमाचा शेवट आठवा. पाटलाची मुलगी आर्ची आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला परश्या पळून जातात, कष्टाने संसार उभा करतात. मग एके दिवशी मुलीच्या माहेरचे लोक भेटवस्तू घेऊन येतात. ते जातात तेव्हा दोघंही रक्ताच्या थारोळ्यात पडलेली असतात. त्यांचं लहानगं मूल दारातून बाहेर येतं, आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे जमिनीवर उमटतात. पडद्यावर आवाज नाही. ज्या सिनेमाने जवळपास तीन तास आपल्याला संगीतात न्हाऊ घातलं, तो शेवटी संगीत काढून घेतो. ती शांतता म्हणजेच प्रश्न आहे. तुमच्या मुलीने असं केलं तर तुम्ही काय कराल?

हा प्रश्न ख्रिस्ती घराला लागू नाही, असं कोणी म्हणेल. राजेहो, जरा थांबा. ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे आपण मुलांना शब्बाथशाळेत शिकवतो. आणि स्थळ पाहायला बसलो, की चहा येण्याआधी हळूच विचारतो, ‘मूळचे कोण म्हणायचे तुम्ही?’ या ‘मूळचे’ शब्दाचा अर्थ बैठकीतल्या प्रत्येकाला कळतो. आपल्याकडे कुऱ्हाड निघत नाही, हे खरं. पण मुलाला घरी बोलावणं बंद होतं, मुलीचा फोन काढून घेतला जातो, आणि पाळकांना मध्यस्थी करायला सांगितलं जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना हेच दुखणं दाखवलं होतं, की धर्म बदलला तरी जात सुटलेली नाही. त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी एका सिनेमाने तेच पुन्हा विचारलं. आम्ही तेव्हा ‘हा सिनेमा पाहावा का’ यावर वाद घालत होतो.

यात दोष फक्त आपला नाही, हेही सांगितलं पाहिजे. बाजार स्वतः असंच करतो. गाणं सिनेमापासून सुटं करून विकलं जातं. वरातीत ‘झिंगाट’ येतं, शेवटची शांतता येत नाही. २०१८ साली हिंदीत ‘धडक’ आला. त्याने गाणं घेतलं, गोष्ट घेतली, पण जातीचा काटा इतका बोथट केला, की पाहणाऱ्याला तो लागूच नये. तिथेही चाल घेतली, प्रश्न राहिला. म्हणजे सिनेमाची चाल उचलणारा आपला तरुण संघ जगापेक्षा फार वेगळं काही करत नाही. बाजाराचीच रीत तो देवळात आणतो.

मग चाल घेऊच नये का? असं आम्ही म्हणणार नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मय उभंच राहिलं आहे ते घेतलेल्या चालीवर. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातून आलेला जेझुइट. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. त्याने ओवी का घेतली याचं कारण पुराणाच्या सुरुवातीलाच येतं. एक नवख्रिस्ती गृहस्थ विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही ऐकायचं काय? लक्षात घ्या, आधी लोकांचा प्रश्न आहे आणि मग ओवी आहे. ज्यांनी ऐकण्याची जागा रिकामी केली त्यांच्यावरच ती भरण्याची जबाबदारी येते, हे स्टीफन्सला कळलं होतं. आज मुलांना ‘हे पाहू नको, ते ऐकू नको’ सांगणाऱ्या आपण घरातली ती रिकामी संध्याकाळ कशाने भरली आहे?

दुसरं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी मराठी उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर म्हटली जात. टिळकांनी अभंग आणि कीर्तन जवळ केलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचं ते बोलत. यातलं मर्म चालीपुरतं नाही. अभंग ही स्वतःला उघडं पाडणारी रचना आहे. तुकाराम आधी स्वतःचं मन चव्हाट्यावर मांडतात, मग जगाला बोलतात. टिळकांनी अभंग घेतला तेव्हा ही अटही घेतली. म्हणून त्यांची गीतं ‘उपासना संगीत’मधून आजही म्हटली जातात आणि शिळी वाटत नाहीत.

आता याच कसोटीवर आपली आजची गीतं लावून पाहा. ट्रॅक उत्तम असतो, दिवे असतात, कॅमेरा असतो. शब्दांत मात्र विजय, आशीर्वाद, सामर्थ्य, पुन्हा विजय. कर्जात बुडालेला कास्तकार त्या गीतात नसतो, दारूच्या दुकानापुढे वाट पाहणारी बाई नसते, नोकरीविना बसलेला पदवीधर नसतो. आमचा आक्षेप चाल सिनेमाची आहे यावर नाही. ते गीत म्हणणाऱ्याला काहीच विचारत नाही, यावर आहे. घरी वऱ्हाडीत बोलणारं पोर देवाशी पुस्तकी मराठीत बोलतं आणि गातं हिंदी-इंग्रजीत. ज्या भाषेत त्याला राग येतो, रडू येतं, ती भाषा देवळाच्या पायरीवरच राहते. प्रश्न तर माणसाला घरच्याच भाषेत पडतात ना?

प्रश्न विचारणारी लोककला पाहायची असेल तर अमरावतीकरांना दूर जायला नको. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, ही त्यांची रीत. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. कर्ज काढून सण का करता, दारू का पिता, मुक्या जनावराचा बळी का देता, माणसाला शिवत का नाही. श्रोता हसायचा, आणि हसता हसता सापडायचा. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गेले. म्हणजे दरवर्षी अमरावतीत त्यांची पुण्यतिथी येते आणि पाचच दिवसांनी नाताळ. त्याच आठवड्यात आपली कॅरलची मंडळी घरोघर फिरत असतात, गच्चीवर तारे लागतात, केक येतो, लाल टोपीतला सांताक्लॉज येतो. सांताक्लॉज आपण बाजारातून विनातक्रार घेतला. तो फक्त देतो, विचारत काहीच नाही. हातात खराटा घेतलेला माणूस मात्र आपल्याला ‘दुसऱ्यांचा’ वाटला. गोठ्यात जन्मलेल्या प्रभूचा सण पाळणाऱ्यांनी या दोघांपैकी कोण आपल्याला जवळचा, याचा विचार करायला हरकत नाही. बाबांची पूजा करा, असं आम्ही म्हणत नाही. त्यांचे प्रश्न ऐका, एवढंच म्हणतो. कर्ज काढून नाताळ आपल्याकडेही होतो.

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण काही गोष्टी खरोखरच घाण असतात, मुलांना त्यापासून राखायला नको का? राखायला हवंच. पौलाने करिंथकरांना लिहिताना बाजारातल्या मांसाचा प्रश्न घेतला आहे. मूर्तीपुढे ठेवलेलं मांस खावं की नाही? म्हणजे शेजारच्या प्रसादासारखाच प्रश्न. त्याचं उत्तर सरसकट हो किंवा नाही असं येत नाही. मोकळीक आहे, पण आपल्या मोकळीकीने दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर आवरा, असं तो सांगतो. आणि हाच पौल अथेन्सला गेला तेव्हा शहरभर फिरून वेद्या नीट पाहून आला, आणि अरीयपगावर बोलताना त्यांच्याच कवींचा आधार घेतला. मूर्तींनी भरलेलं ते शहर पाहून त्याचा जीव संतापला होता, असंही तिथे लिहिलं आहे. तरी त्याने पाहिलं, वाचलं, आणि मग बोलला. संताप आणि लक्षपूर्वक पाहणं एका माणसात राहू शकतं. आपण बहुधा संतापाजवळच थांबतो, किंवा संताप नको म्हणून पाहणंही सोडतो.

घरात करता येण्यासारखं काय? सगळ्यात मोठी अडचण अशी, की आता प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर, कानात बोंडं घालून एकटा पाहतो. एकट्याने पाहिलेल्या गोष्टीचा प्रश्न एकट्यातच विरतो. म्हणून आठवड्यातून एखादी गोष्ट एकत्र पाहा. मुलाला आवडलेली पाहा, तुम्हाला आवडलेली नव्हे. पाहून झाल्यावर ‘यात पाप कुठे होतं’ हे विचारायची घाई करू नका. ‘यात कोणाचं दुःख होतं, आणि तसं दुःख आपल्यामुळे कोणाला होतं का’ हे विचारा. उत्तर आधी मोठ्यांनी द्यायचं. आई-बापांनी स्वतःबद्दल एक खरं वाक्य बोललं, तर पोरगं पुढची दहा बोलतं. मंडळीच्या तरुण संघानेही नवी चाल निवडताना गीताला हाच प्रश्न लावून पाहावा.

हे केल्याने सिनेमा पवित्र होणार नाही आणि डीजेचा आवाजही कमी होणार नाही. पण पुढच्या लग्नाच्या बैठकीत ‘मूळचे कोण’ हा शब्द ओठांवर आला, की कोणाला तरी ती लहान पावलं आठवतील आणि तो गप्प बसेल. किंवा त्याहून बरं, दुसऱ्याने विचारल्यावर तो म्हणेल, ‘हा प्रश्न आमच्या घरात विचारत नाहीत.’ पाहा, तुमच्यापैकी कितींना हे म्हणता येईल.