झीलकरी फ्रेडी : पाचगणीतली आठ वर्षं



बीडमध्ये उभं राहून इंग्लंडातल्या रॉक बँडच्या गायकावर बोलायचं, म्हणजे काहींना वाटेल पाहुण्यांची गाडी रस्ता चुकली. पण ज्या माणसाबद्दल आज आम्ही बोलणार आहोत, त्याचं आठव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंतचं बहुतेक आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत गेलं. इथून सकाळी एसटीनं निघालात, तर पुणे, वाई, पसरणीचा घाट करत दिवेलागणीला त्याच्या शाळेच्या दारात उतराल.

त्याचं नाव फारुख बलसारा. जगाला तो ‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून ठाऊक आहे. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर. घराणं पारशी, मूळचं गुजरातेतल्या वलसाडकडचं. वडील बोमी तिथं इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर होते.

त्याची गोष्ट सध्या दोन तऱ्हेनं सांगितली जाते. एक म्हणजे २०१८ सालचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ हा चित्रपट. रामी मालेकला त्यासाठी ऑस्कर मिळालं; त्याचं काम चांगलंच आहे. पण नायकाचं आयुष्य तिथं सुरू होतं १९७० मध्ये, विमानतळावर सामान उचलण्यापासून. बालपण घरातल्या दोन-चार वाक्यांत उरकलेलं. मग एका रात्री ‘स्माइल’ बँडचा गायक निघून जातो आणि हा पोरगा पुढं येऊन गायला लागतो. झालं, गायक तयार! दुसरी गोष्ट आपली, मोबाइलवर फिरणारी. ‘फ्रेडी आपल्या पाचगणीचा’ म्हणायचं, छाती फुगवायची आणि पुढच्याला पाठवायचं. पहिलीत गायक आभाळातून पडतो, दुसरीत मातीतून उगवतो. पण तो पाचगणीत करत काय होता, हे दोन्हीकडं कुणी विचारत नाही. आमचा आक्षेप इथं आहे.

काय करत होता? तर पियानो वाजवत होता. सेंट पीटर्स ही इंग्रजी वळणाची निवासी शाळा. मुलाचा कान चांगला आहे हे तिथल्या मुख्याध्यापकांनी हेरलं आणि आईवडिलांना झांझिबारला पत्र लिहिलं, की थोडी जादा फी भरलीत तर याला संगीत नीट शिकवता येईल. आईवडील हो म्हणाले. मुलगा पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंत गेला, शाळेच्या गायनवृंदात उभा राहिला. ‘फ्रेडी’ हे नावही शाळेतच पडलं.

१९५८ च्या सुमारास पाच मित्रांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. एकाकडं चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेलं एकतारी वाद्य होतं, आपल्या तुणतुण्याचा लांबचा भाऊच म्हणा ना! आता ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही, की या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. ब्रूस मरे नावाचा मुलगा पुढं उभा राहून गायचा. फ्रेडी बाजूला पियानोवर बसून मागचा सूर भरायचा.

आपल्याकडं याला नेमका शब्द आहे : झीलकरी. शाहीर पोवाड्याचा चौक म्हणतो आणि मागचे ‘जी जी’ करत सूर उचलतात. आंबेजोगाईच्या योगेश्वरीपुढं गोंधळ ऐकलेल्यांना हे सांगायला नको. झीलकऱ्याला स्वतःचं गाऊन चालत नाही. शाहिराचा दम कुठं तुटणार, लोक कधी कंटाळले, कुठं उचलून धरायचं, हे सगळं त्याला कळावं लागतं. फ्रेडीनं गोंधळ ऐकला होता, असा आमचा दावा मुळीच नाही. पण काम तेच होतं आणि तालीमही तीच. दुसऱ्याचं गाणं उभं कसं करायचं, हे तो बाराव्या वर्षी शिकत होता.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली, रक्तपात झाला आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. ईलिंगच्या कला महाविद्यालयातून त्यानं १९६९ मध्ये ग्राफिक कलेची पदविका घेतली. ‘स्माइल’चा गायक टिम स्टाफेल तिथला त्याचा सहाध्यायी, म्हणजे चित्रपटातली ती एक रात्र खरी नाही. त्याआधी ‘आयबेक्स’, ‘रेकेज’, ‘सोर मिल्क सी’ अशा बँडांत त्यानं घसा घासला. केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलरबरोबर जुने कपडे विकले. १९७० मध्ये ‘क्वीन’ झाला, १९७१ मध्ये जॉन डीकन आला, १९७३ मध्ये पहिला अल्बम निघाला.

आता १९७५ चं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ हे गाणं पुन्हा ऐका. जवळपास सहा मिनिटांचं गाणं आणि मधल्या भागात वाटतं की शंभर माणसं गातायत. आवाज फक्त तिघांचे : मर्क्युरी, ब्रायन मे आणि टेलर. टेपवर थरावर थर चढवून तिघांचा मेळा केलेला. पुढं गाणारा आणि मागून झील देणारा एकच माणूस! केवळ मोठ्या गळ्यानं असं गाणं बांधता येत नाही, त्याला मागं बसून ऐकलेला कान लागतो. आणि १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या मैदानावर ‘लाइव्ह एड’मध्ये त्यानं काय केलं? नुसती एक तान टाकायची आणि थांबायचं. सुमारे बहात्तर हजार लोक ती परत द्यायचे. अख्खं मैदान त्यानं झीलकरी केलं. लोकांना कधी गाऊ द्यायचं, हे जो कधीतरी मागं बसलाय त्यालाच कळतं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की पाचगणीचा अभिमान जरूर धरा, पण माती-पाण्याचा नको. धरायचाच तर त्या पत्राचा धरा.

आपल्या जिल्ह्यात दसरा झाला की कोयते बांधून हजारो आईबाप ऊसतोडीला जातात. पोरं मागं राहतात, कुणी हंगामी वसतिगृहात, कुणी आजीपाशी. पाचगणीच्या फीवाल्या शाळेशी याची बरोबरी करणं म्हणजे क्रूर थट्टा होईल, ती आम्ही करणार नाही. आईबाप लांब आहेत आणि मूल गात आहे, एवढंच दोन्हीकडं सारखं. त्या मुख्याध्यापकांनी गाण्यातली गती हीसुद्धा घरी कळवायची गोष्ट मानली. आपल्याकडून घरी काय कळवलं जातं? गैरहजेरी, मार्क आणि आजारपण. गाणं आठवतं ते स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात, तेही पुढं उभ्या राहणाऱ्या एका पोरापुरतं.

मागं पेटीवर बसलेलं पोरगं कोण आहे, ते गुरुजींनी एकदा पाहावं. आणि कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात फडावर असलेल्या त्याच्या बापाला एक फोन करावा : ‘तुमच्या लेकराला सुराची जाण हाय बरं का, शिकवू या त्याला.’ फोन आजही लागेल.