सिंहासनामागचा खलपुरुष : मराठी लोकप्रिय कथनातील सर्वसत्ताधीश दुष्टाचे रूप

लोकप्रिय कथनातील खलपात्रांकडे मराठी समीक्षेने फारशा आस्थेने पाहिलेले नाही. नायकाच्या जडणघडणीवर पानेच्या पाने लिहिली जातात. खलनायकाची बोळवण मात्र ‘ठोकळेबाज’ या एका विशेषणाने होते. वास्तविक हा ठोकळा कोणी, केव्हा आणि कोणत्या गरजेपोटी घडविला, हे पाहू गेल्यास समाजाची सत्तेविषयीची धारणाच हाती लागते. प्रस्तुत लेखात खलपात्रांच्या एकाच प्रकाराचा, म्हणजे सर्वसत्ताधीश खलपुरुषाचा विचार केला आहे. अमर्याद सत्ता, दुर्गम अधिष्ठान, निनावी सेवकांची फौज आणि स्वतःच्या अजिंक्यतेवरील आंधळा विश्वास ही त्याची परिचित लक्षणे. ‘फ्लॅश गॉर्डन’ या १९३४ साली सुरू झालेल्या चित्रकथेतील सम्राट मिंग, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मधील सॉरॉन, ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मधील मोगॅम्बो हे सारे याच कुळातले. रावण, कंस, हिरण्यकशिपू यांना त्यांचे पूर्वज म्हणता येईल. हे सर्व स्वतःच्या राज्याचे स्वतः धनी असतात. मराठी नाटक-चित्रपटांतील या प्रकाराचे सर्वांत प्रभावी अवतार मात्र सिंहासनावर बसत नाहीत. ते त्याच्या शेजारी किंवा मागे उभे असतात. हा फरक वरवरचा नाही.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे परवश भारतभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, ही समीकरणे प्रेक्षकांना कोणी शिकवावी लागली नाहीत. ‘लंडन टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० सालच्या आपल्या ग्रंथात या नाटकाची दखल घेताना हेच रूपक उलगडून दाखविले, म्हणजे राज्यकर्त्यांच्या बाजूच्या वाचकालाही ते कळले होते. अभ्यासक्रमातील चर्चा बहुधा या समीकरणांपाशीच थांबते. परंतु खाडिलकरांनी रावण किंवा दुर्योधन न निवडता कीचकच का निवडला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कीचक राजा नाही. तो विराटाचा मेहुणा आणि सेनापती आहे. राज्य विराटाचे, मुद्रा विराटाची. हुकूम मात्र कीचकाचा. महाभारतात भर सभेत तो सैरंध्रीला लाथ मारतो आणि राजा त्याला आवरू शकत नाही. दूरच्या राजाच्या नावाने येथे अनिर्बंध कारभार करणाऱ्या व्हाइसरॉयचे याहून नेमके चित्र पुराणांत शोधूनही सापडले नसते. ही निवड म्हणजे केवळ सेन्सॉरला चुकविण्याची युक्ती नव्हे. ते सत्तेच्या रचनेविषयीचे विधान आहे. अत्याचार करणारा आणि ज्याच्या नावाने अत्याचार होतो तो, हे दोघे वेगळे असतात हे ते विधान. त्यामुळेच या नाटकात खरी चीड कीचकाइतकीच विराटाच्या दुबळेपणाचीही येते.

दुसरे उदाहरण पडद्यावरचे. कोल्हापूरहून पुण्यास आल्यानंतर प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली ‘अमृतमंथन’ मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर तो आधारलेला होता, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. राजा क्रांतिवर्मा चंडिकेपुढील नरबळी आणि पशुबळी बंद करतो आणि राजगुरू त्याच्या हत्येचा कट रचतो. मराठी आवृत्तीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी राजगुरू साकारला. चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे निकटदृश्य चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. सॉरॉनचा पापणी नसलेला डोळा कागदावर उतरण्यापूर्वी वीस वर्षे पुण्याच्या स्टुडिओत हा डोळा उघडला होता. येथे कोणी कोणाचे अनुकरण केले असे सुचवावयाचे नाही. सर्वदर्शी सत्तेला डोळ्याचेच रूप द्यावेसे वाटणे लक्षणीय आहे इतकेच.

राजगुरूही राजा नाही. पण कीचकाहून तो एका बाबतीत वरचढ ठरतो : त्याची आपल्या मतावर निष्ठा आहे. कीचकाला हवी आहे ती उपभोगाची मोकळीक. राजगुरूला बळीची प्रथा टिकवावयाची आहे आणि कट उघडकीस आल्यावर तो स्वतःचेच शिर देवीला अर्पण करतो. इतरांकडून जे मागितले तेच तो अखेरीस स्वतः देतो. सर्वसत्ताधीश खलपुरुष सहसा पळताना किंवा गयावया करताना मरतो. हा आपल्या तत्त्वाला जागून मरतो. म्हणून प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो, पण निश्चिंत होत नाही. माणूस संपला तरी मत शिल्लक राहू शकते, ही भीती मराठी लोकप्रिय कलाकृतीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच आली असेल.

दोन वर्षांनी त्याच कंपनीने ‘संत तुकाराम’ (१९३६) काढला. त्यातील सालोमालो हा खलपात्रांच्या अगदी दुसऱ्या टोकाचा : देहूसारख्या लहान गावातला, दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपविणारा, मत्सरी आणि काहीसा हास्यास्पद. त्याच्याकडे फौज नाही, गड नाही. या चित्रपटात राजा आहे तो शिवाजी, आणि तो तुकोबांच्या पायाशी येतो. येथे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. मराठी मनात सिंहासनाची जागा १६७४ च्या राज्याभिषेकाने व्यापलेली आहे. त्या आसनावर दुष्टाला बसविणे लेखकाला जड जाते. मग दुष्ट एकतर परका असावा लागतो, नाहीतर प्रतिनिधी, कारभारी, गुरू, सेनापती.

परका सत्ताधीश ऐतिहासिक कादंबरीने पुरविला. त्याची किंमतही तिने मोजली. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेकडे निघाला तो परतलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला. इतका दीर्घ, खर्चिक आणि अखेर निष्फळ ठरलेला हट्ट कोणत्याही कादंबरीकाराला आव्हान वाटावा असा आहे. परंतु सर्वसत्ताधीश खलपुरुषाच्या साच्यात तो घातला की त्याच्या राज्याचा महसूल, त्याचे थकलेले सरदार, त्याचे वय हे सारे गळून पडते आणि उरतो केवळ क्रौर्याचा पुतळा. पुतळ्याला पराभूत करणाऱ्यांचे कर्तृत्वही मग उणावते. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीवरून २०२५ साली आलेल्या हिंदी चित्रपटाची चर्चाही इतिहासाच्या कारणमीमांसेपेक्षा क्रौर्याच्या दृश्यांभोवतीच अधिक फिरली.

स्वातंत्र्यानंतर सत्ताधीशाचे नाव उघड घेता येऊ लागले. ‘सामना’ (१९७४) मधील हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याच्या परिसराचा धनी आहे. निळू फुले यांनी त्याला गडगडाटी हास्य न देता घरगुती अगत्य दिले आणि तो अधिक भयंकर झाला. ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये तर खुर्चीभोवती धावणारी माणसेच आहेत, अधिपती कोणी नाही. त्याआधी १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ने कीचकाचा प्रश्न उलटा करून मांडला होता : प्रतिनिधी दगडांनी ठेचला जातो आणि ज्याच्या नावाने त्याने कोतवाली केली ते नाना सुखरूप राहतात. खाडिलकरांच्या प्रेक्षकाला कीचक मेल्याचे समाधान तरी होते. तेंडुलकर तेवढेही ठेवत नाहीत.

एवढे झाल्यावर जुना सर्वसत्ताधीश मुलांच्या करमणुकीकडे गेला हे क्रमप्राप्तच होते. महेश कोठारे यांच्या ‘थरथराट’ (१९८९) मधील टकलू हैवान आणि ‘धडाकेबाज’ (१९९०) मधील कवठ्या महांकाळ यांची दहशत प्रेक्षक हसत हसत अनुभवतो. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव किंचित वाकवून खलनायकाला द्यावे आणि ते कोणालाही खटकू नये, यातच त्या भीतीचे वय झाल्याचे दिसते. या पात्रांना कमी लेखण्याचे कारण नाही; विडंबन हीही एक जाणच आहे. मात्र त्या हसण्यात सत्तेचा प्रश्न बाजूला पडला.

तो प्रश्न आजच्या वाचकापुढे नव्या रूपात उभा आहे. सालोमालोच्या देहूपासून हाकेच्या अंतरावरील देहूरोड, तळवडे आणि त्यापलीकडील चाकण या पट्ट्यात मराठवाडा-विदर्भातून आलेला तरुण कारखान्याच्या फाटकावर एका कंपनीचे नाव वाचतो आणि कामावर असतो दुसऱ्याच ठेकेदाराकडे. त्याला कामावर घेणारा, सुट्टी नाकारणारा, काढून टाकणारा ठेकेदार त्याच्या परिचयाचा असतो. ज्याच्यासाठी यंत्र चालते तो मालक कदाचित परदेशातील भागधारकांचा समूह असतो. कीचक समोर आहे आणि विराटाचा पत्ता नाही, अशी ही स्थिती. गड, डोळा, गडगडाटी हास्य यांपैकी कशाचाच येथे उपयोग नाही. या पट्ट्याची लोकप्रिय कादंबरी जेव्हा लिहिली जाईल तेव्हा तिला आपला खलपुरुष मोगॅम्बोच्या बेटावर शोधावा लागणार नाही. पहिल्या पाळीच्या वेळी फाटकाशी हजेरीची वही घेऊन उभ्या असलेल्या माणसापासून, आणि ती वही अखेर कोणाच्या टेबलावर जाते तेथपासून, तिला सुरुवात करता येईल.