ओळखीच्या शब्दांचा दगा

जुने इंग्रजी ग्रंथ वाचतांना अपरिचित शब्द वाचकास सहसा फसवीत नाहींत. ते त्यास कोशाकडे धाडतात. दगा देतात ते ओळखीचे शब्द. ‘हॅम्लेट’ नाटकांत पित्याच्या भुतामागें निघालेल्या राजपुत्रास मित्र आवरूं लागतात, तेव्हां अडवील त्यास ठार मारीन अशी तो धमकी देतो. तेथें ‘अडविणें’ या अर्थीं शेक्सपीअरनें ‘लेट’ हें क्रियापद योजिलें आहे. आज त्याचा अर्थ ‘होऊं देणें’. तो घेतल्यास धमकी नेमकी उलटते. तसेंच ज्यूलिएटच्या तोंडचें ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कां’, ‘कोठें’ नव्हे. ती रोमिओला शोधीत नाहीं. आपला प्रियकर वैऱ्याच्या कुळांतील रोमिओच कां असावा, ही तिची व्यथा आहे. एक शब्द चुकला कीं शोकांतिकेचें बीजच हरवतें.

१८८४ पासून खंडशः निघून १९२८ सालीं पुरा झालेला ऑक्सफर्डचा कोश प्रत्येक अर्थ कालानुक्रमें उताऱ्यांसह देतो, याचें महत्त्व येथें कळतें. ‘नाइस’ म्हणजे एके काळीं मूर्ख आणि ‘सिली’ म्हणजे धन्य, हें तो साधार दाखवितो. अवघड शब्दाचा अर्थ सांगणें हें टीपाकाराचें सोपें काम. सोप्या शब्दाविषयीं वाचकाच्या मनांत वेळींच संशय उत्पन्न करणें, हीच त्याची खरी कसोटी होय.