पूर्वपक्ष कुठे गेला?

मराठी वैचारिक गद्याची कहाणी सांगताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ला मानाचे पान मिळते. भाषेपुरते ते योग्यच आहे. १८७४ ते १८८१ या काळात निघालेल्या ८४ अंकांनी मराठी वाक्याला कणा दिला, लांब पल्ल्याचा विचार पेलण्याची ताकद दिली. पण याच मालेत जोतीराव फुल्यांवर जे लिहिले गेले, ते युक्तिवाद म्हणून वाचले तर निराशा होते. फुल्यांचे व्याकरण, त्यांची शब्दयोजना, त्यांचा इतिहासाचा अन्वय यांची थट्टा तिथे भरपूर आहे. मात्र जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हा जो 'गुलामगिरी'चा मूळ प्रश्न, त्याच्यासमोर चिपळूणकर थांबत नाहीत. वाचक हसला म्हणजे त्याला पटले, असे धरून चालणारे लेखन मराठीत इतक्या जुन्या काळापासून आहे, आणि ते तितकेच प्रतिष्ठितही आहे.

आपल्या शास्त्रचर्चेची रीत याहून कडक होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि तोही असा, की प्रतिपक्षाने ऐकून मान डोलवावी. मग त्याचे खंडन, मग सिद्धान्त. कोणत्याही वादलेखाची पहिली परीक्षा मी अजून याच जागी घेतो. समोरच्याचे सर्वांत बळकट म्हणणे लेखात आले आहे का, हे मी आधी पाहतो. ते नसेल तर उरलेला लेख कितीही देखणा असला, तरी तो आधीच पटलेल्यांसाठी लिहिलेला असतो.

या कसोटीवर संमतिवयाचा वाद पुन्हा वाचण्यासारखा आहे. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये झाला. कलकत्त्यातल्या फुलमणी या कोवळ्या मुलीचा पतीच्या बळजबरीने झालेला मृत्यू त्याच्या पाठीशी होता. पुण्यात या एकाच प्रश्नावर वाद घालण्याच्या तीन तऱ्हा शेजारी शेजारी दिसल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडले आणि ऋतुप्राप्तीनंतरचा विवाह शास्त्राला वर्ज्य नाही, हे वचनांच्या आधारे दाखवले. ज्याला शास्त्र प्रमाण आहे, त्याला त्याच्याच प्रमाणाने गाठायचे. ही पद्धत परिणामकारक होती, पण तिची किंमतही मोठी. शेवटचा शब्द शास्त्राचाच राहतो, आणि उद्या कोणी विरोधी वचन पुढे केले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. झालेही तसेच, टिळकांनी वचनांना वचनांनीच उत्तर दिले.

टिळकांचे खरे कौशल्य मात्र वचनांच्या या लढाईत नव्हते. त्यांनी वादाचा विषयच हलवला. मुलीचे काय होते, या जागी परक्या सरकारला आमच्या घरात शिरण्याचा अधिकार काय, हा प्रश्न त्यांनी उभा केला. कायदा मागणाऱ्यांनी आधी स्वतःवर बंधन घ्यावे, मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही असे लिहून द्यावे, असा प्रस्तावही त्यांनी १८९० मध्ये सुधारकांपुढे ठेवला. युक्तिवाद म्हणून ही चाल मला आजही थक्क करते. सिद्ध करण्याचा भार एका फटक्यात समोरच्याच्या खांद्यावर गेला. पण त्या सगळ्या मांडणीत दहा वर्षांची मुलगी कुठे आहे, हे शोधू लागलो तर ती सापडत नाही. लेखन प्रभावी असणे आणि न्याय्य असणे यांतले अंतर याहून स्पष्ट मला कुठे दिसलेले नाही.

तिसरी तऱ्हा आगरकरांची. 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या या माणसाने शास्त्राचा आधार जवळपास टाकूनच दिला. शास्त्रात असो वा नसो, माणसाच्या सुखदुःखाला आणि विवेकाला काय पटते, ते सांगा, एवढेच त्यांचे मागणे. त्या वेळी त्यांच्या बाजूला फार थोडे लोक आले. आज मात्र तिघांपैकी आगरकरांचाच युक्तिवाद जसाच्या तसा वापरता येतो, कारण तो कोणत्याही ग्रंथाच्या अधिकारावर उभा नव्हता.

मग संतापाचे काय? पूर्वपक्षाला मान द्यायचा म्हणजे आवाज खाली ठेवायचा, असा अर्थ कोणी काढील म्हणून ताराबाई शिंदे यांची आठवण द्यावी लागते. सुरतेच्या एका विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. त्या संतापातून बुलढाण्याच्या या लेखिकेने १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. पुस्तक धगधगते आहे. पण त्याची बांधणी पाहा. स्त्रियांवर जे जे दोष लादले जातात, ते त्या एकेक करून उचलतात आणि तोच दोष पुरुषांत किती पटीने आहे, असे थेट पुरुषांनाच विचारतात. आरोप एकही गाळलेला नाही. इतक्या रागात इतकी शिस्त पाळणारे दुसरे मराठी पुस्तक मला माहीत नाही.

पुराव्याची जातही वादाचे स्वरूप ठरवते. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याचे घर, त्याची भाकरी, कचेरीतले हेलपाटे यांचे इतके बारीक वर्णन येते की वाचकाला तिथून उठता येत नाही. सुमारे शंभर वर्षांनी शरद जोशींनी त्याच शेतकऱ्याची बाजू उत्पादनखर्चाच्या हिशेबावर उभी केली. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांचे म्हणणे एकच राहिले, की भाव जाणूनबुजून खर्चाच्या खाली ठेवला जातो. त्या हिशेबाने शेतकऱ्याला दयेच्या याचनेतून बाहेर काढले, ही फार मोठी गोष्ट होती. तरीही प्रत्येक प्रश्नाचे उत्तर भावातच शोधणारी त्यांची मांडणी मला अपुरी वाटते. भूमिहीन मजुरासाठी आणि शेतात राबणाऱ्या बाईसाठी तिच्यात जागा कमी पडते. फुल्यांच्या वर्णनात हिशेब कमी असला तरी माणसे अधिक आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला ज्याने सर्वांत सचोटीने जपली, तो लेखक माझ्या मते नांदेडचे नरहर कुरुंदकर. मनुस्मृतीवरची त्यांची मांडणी वाचावी. समर्थक काय म्हणतात ते आधी, त्यांच्या बाजूने जितके बोलता येईल तितके बोलून घेतलेले. मग छोट्या छोट्या वाक्यांत, वर्गात शिकवावे तसे, एकेका मुद्द्याचा पाया काढून घेतलेला. विरोधकाला मूर्ख ठरवण्याची गरज त्यांना पडत नाही. मनुस्मृती मानणाऱ्या वाचकालाही शेवटपर्यंत वाचावेसे वाटते, हे त्या लेखनाचे खरे यश.

आज वर्तमानपत्राचे संपादकीय पान उघडले की चित्र वेगळे दिसते. वाद घालणारे लेख पुष्कळ आहेत, शैलीही चटपटीत आहे. पण प्रतिपक्षातला सर्वांत उथळ माणूस निवडायचा, त्याचे सर्वांत हास्यास्पद विधान घ्यायचे आणि ते फोडून विजय जाहीर करायचा, ही रीत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखीच मानवली आहे. आठशे शब्दांत पूर्वपक्ष कसा मांडणार, अशी सबब सांगितली जाते. ती मला पटत नाही. बळकट पूर्वपक्ष चार वाक्यांतही मांडता येतो, फक्त तो आधी समजून घ्यावा लागतो. 'साधना'सारखे साप्ताहिक, नागपुरात १९९० मध्ये दि. य. देशपांडे यांनी सुरू केलेला 'आजचा सुधारक' आणि काही दिवाळी अंक यांनी लांब, उलटसुलट चर्चेला जागा दिली. पण त्यांचे वाचक थोडे, आणि तिथली चर्चा रोजच्या पानांपर्यंत झिरपत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरचे आपले भाषण १९३६ मध्ये लाहोरची सभा रद्द झाल्यावर स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. पुढच्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका छापली आणि सोबत आपले उत्तर दिले. ज्यांचे म्हणणे त्यांना मुळापासून अमान्य होते, त्यांनाही त्यांनी आपल्याच पुस्तकात बोलू दिले. ही पद्धत आपल्या दिवाळी अंकांना आजही सहज पेलण्यासारखी आहे. एक लेख, त्याच अंकात तेवढ्याच पानांचा विरोधी लेख आणि मूळ लेखकाचे उत्तर. त्यांच्याकडे पाने आहेत, तयारीला महिने आहेत आणि सवडीने वाचणारा वाचकही आहे. विरोधी लेख मागवायचा तो मात्र त्या बाजूच्या सर्वांत समर्थ माणसाकडून.