उशिरा लिहिलेले परीक्षण

मोटारींवर लिहिणारे समीक्षक दोन जातींचे असतात. एक बारशाला येतो, दुसरा तेराव्याला. बारशाला येणारा नवी कोरी गाडी दोन दिवसांसाठी मागून घेतो, मुंबईहून लोणावळ्यापर्यंत जाऊन भजी खाऊन येतो आणि गाडीला पाचांपैकी साडेचार तारे देतो. (अर्धा तारा भज्यांच्या तेलाबद्दल कापलेला असावा.) तेराव्याला येणारा समीक्षक गाडी कायमची बंद पडली की रुमाल काढतो. मे २०१४मध्ये उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातली अँबॅसडर थांबली तेव्हा असे रुमाल निघाले. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली तेव्हा तर पावसाळा लांबल्यासारखे वाटले. ते लेख वाचून मलाही गहिवरून आले, खोटे कशाला बोला! पण डोळे पुसल्यावर मनात एक दुष्ट शंका आली. या लेखकांपैकी किती जणांनी मे महिन्यातल्या दुपारी, चढावर, एका हाताने धोतर सावरीत गाडीला धक्का मारला असेल?

बारसे आणि तेरावे यांच्यामध्ये एक सबंध आयुष्य असते. त्यावर कोणी लिहीत नाही. मी तीस वर्षे देगलूरला पोरांना मराठी शिकवले. पहिले प्रकरण वाचून कादंबरीवर मत ठोकणाऱ्या विद्यार्थ्याला मी बाकावर उभा करीत असे. अमेरिकेतली जे. डी. पॉवर नावाची संस्था गाडी घेतल्यावर पहिल्या ९० दिवसांत मालकाला विचारते, की बाबा रे, काय काय बिघडले? पण तिचेही तेवढ्यावर समाधान होत नाही. तीन वर्षे जुन्या झालेल्या गाड्यांच्या मालकांना ती वेगळे विचारते. पहिली चौकशी बोहल्यावरची, दुसरी संसारातली. माझे परीक्षण या दोहोंच्या पुढचे आहे. ते नऊ वर्षे गाडी वापरून आणि नंतर पस्तीस वर्षे विचार करून लिहिलेले आहे.

गाडीचे नाव मात्र मी सांगणार नाही. आमच्या आईने जन्मभर अण्णांचे नाव उखाण्याशिवाय घेतले नाही. या गाडीचे नाव घालता येईल असा उखाणा मला अजून सुचलेला नाही. शिवाय तिच्या सख्ख्या बहिणी साऱ्या देशात सुखाने नांदत होत्या. एक आमच्या घरी रुसली, म्हणून सगळ्या माहेराला नावे ठेवणे बरे नव्हे.

ती घेतली १९८१ साली, अर्थात जुनी. तरुण वाचकांना सांगितले पाहिजे, की त्या वेळी गाडी निवडणे हा प्रकारच नव्हता. उत्तरपाऱ्याची अँबॅसडर किंवा कुर्ल्याची फियाट, जिचे नाव १९७४मध्ये पद्मिनी झाले होते, एवढाच काय तो स्वयंवराचा मंडप. नव्या गाडीसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. ज्यांना थांबवत नसे ते जुन्या बाजारात शिरत. तिथे मद्रासच्या स्टँडर्डपासून साहेबाच्या मॉरिस-हिलमनपर्यंत सगळ्या घराण्यांतल्या विधवा उभ्या असत. त्यांतली एक मी हैदराबादेत पाहिली, पसंत केली आणि देगलूरला आणली.

दोनशे किलोमीटर ती निमूटपणे आली. हे तिचे पहिले प्रकरण. त्या दिवशी कोणी विचारले असते तर मीही साडेचार तारे दिले असते.

दुसऱ्या प्रकरणापासून कथानकाला वेग आला आणि गाडीचा गेला. आधी सेल्फ गेला. मग डायनॅमो. मग क्लच प्लेट. पाठोपाठ रेडिएटर गळू लागला, म्हणून तो डागून घेतला, तर हेड गॅस्केट उडाले. उन्हाळ्यात आणखी एक निराळीच तऱ्हा. आमच्याकडे उन्हाचा पारा चाळिसाच्या वर गेला की पेट्रोल पंपातल्या पंपातच उकळून त्याची वाफ होई आणि गाडी बसकण मारी. मग पंपावर ओले फडके ठेवून मांडगावर घडी ठेवल्यासारखे शुश्रूषा करीत बसायचे. हा दोष त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत होता. पण आमच्या गाडीला तो फडके घरी राहिले असेल त्याच दिवशी होई.

या कादंबरीचा खरा नायक म्हणजे आमचा उस्ताद. बसस्टँडाच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली त्याचे गॅरेज होते. माणूस सोन्यासारखा. बॉनेट उघडून तो कान लावून ऐके आणि दर वेळी एकच निदान करी, "सर, इंजन तो शेर है. फिकर नक्को करो. खाली हवा-पानी का झगडा है."

नऊ वर्षे मी त्या शेराच्या हवापाण्याचा खर्च सोसला. गावातली मंडळी येता-जाता विचारीत, "काय करूलालाव सर?" मी गाडीखालून उत्तर देई. कित्येकांना माझा चेहरा ठाऊक नव्हता, पण चपला सगळे ओळखत.

आता तुम्ही म्हणाल, एवढे होते तर गाडी बदलली का नाही? हाच या परीक्षणातला कळीचा मुद्दा आहे. माणूस बिघडणारी गाडी सोडत नाही, कारण तो तिच्यावर नुकताच खर्च करून बसलेला असतो. "आत्ताच तर क्लच टाकलाय, आता विकली तर क्लच फुकट गेला," असे म्हणून मी थांबलो. मग क्लचची वसुली व्हावी म्हणून रेडिएटर केला. रेडिएटरची वसुली व्हावी म्हणून रिंग-पिस्टन. वाईट कादंबरीची तीनशे पाने वाचून झाली की उरलेली दोनशे आपण केवळ पहिल्या तीनशेंच्या सुडापोटी वाचतो, त्यातलाच हा प्रकार. वर याला आपण निष्ठा म्हणतो! "आमच्या घरात हीच गाडी," असे छाती काढून सांगतो. निष्ठा कसली? ती बुडीत खात्याची राखण होती.

मध्यंतरी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली. पुढे यथावकाश एक मारुती देगलुरातही अवतरली. सगळे गाव पाहायला लोटले. उस्तादानेही तिचे बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिले आणि उदास होऊन तो म्हणाला, "सर, इस में रिपेरी कू जागा किधर है?" एवढी नेमकी समीक्षा मी नंतर कुठल्याही मोटारीवर वाचली नाही. तरीही मी हललो नाही. रिंग-पिस्टन वसूल व्हायचे होते ना!

खर्चाची एक वही मी ठेवली होती. तारीख, काम, रुपये. मला वाटे, गाडीचा हिशेब म्हणजे हाच. आमच्या सौभाग्यवतीही दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने काही लिहीत असत, हे मला ठाऊक नव्हते.

१९८९च्या जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेदहाला अण्णांची लघवी अडली. वय एकाहत्तर. निजामाच्या राज्यात तहसिलीत पेशकारी केलेला माणूस. दुखणे सांगणे हा बेअदबीचा प्रकार मानणारा. तेच आता भिंतीला धरून उभे होते. गावातल्या डॉक्टरांनी प्रयत्न केले आणि म्हणाले, "नांदेडला न्या. उशीर करू नका." देगलूरला रेल्वे नाही. बस सकाळी. नांदेड सुमारे ऐंशी किलोमीटर. दारात गाडी उभी होती, आणि आश्चर्य म्हणजे पहिल्या सेल्फला सुरू झाली. मला तिचा अभिमान वाटला. असा अभिमान वाटला की हमखास पुढे खड्डा असतो.

नरसी यायच्या अलीकडे तिने दोन आचके दिले आणि ती थांबली. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर पेट्रोलच्या पंपाचा पडदा फाटलेला. पंधरा दिवसांपूर्वी तोच पंप 'मक्खन' करून घेतला होता. दोन्ही बाजूंना ज्वारीची शेते, वर थंडी, आणि मागच्या सीटवर अण्णा. प्रत्येक दहा मिनिटांनी त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघे आणि लगेच ते खाकरून तो लपवीत.

"काय झालं रे?" त्यांनी विचारले.

"पंप, अण्णा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दोघांचाही पंपच अडलाय की."

मी हसलो. ती मात्र हसली नाही. तिने अण्णांच्या पायांवर शाल घातली आणि घड्याळ पाहिले. दोन ट्रक न थांबता गेले. तिसरा थांबला. त्या तेलुगू ड्रायव्हरला आमचे बोलणे अर्धेच कळले, पण त्याने अण्णांकडे एकदा पाहिले, क्लीनरला मागे पाठवले आणि पेशकार साहेबांना दोन्ही हातांनी उचलून केबिनमध्ये बसवले. नांदेडच्या दवाखान्यात नळी घातल्यावर अण्णांचा चेहरा सैल झाला, आणि शुद्ध समाधानाने ते म्हणाले, "भरवशाच्या म्हशीला टोणगा." म्हणजे गाडी. ट्रक ड्रायव्हर तोवर निघून गेला होता. त्याचे नाव विचारायचे राहिले, ते राहिलेच.

चार दिवसांनी घरी आल्यावर दूधवाल्याचे पैसे द्यायला मी ती वही उघडली, ती नेमकी मागून. तिथे माझ्यासारखेच रकाने होते. फक्त रुपयांचा रकाना नव्हता. तारीख, ठिकाण, वेळ, आणि शेवटी एक नाव. 'नायगाव. पावणेदोन तास. धाकटी, तापात.' 'उदगीर रस्ता. तीन तास. ताईचे साखरपुड्याचे जेवण चुकले.' 'कॉलनीच्या तोंडाशी. चाळीस मिनिटे. थोरल्याचा पेपर.' अशी तीन पाने. शेवटची ओळ ताजी होती : 'नरसीच्या अलीकडे. दोन तास दहा मिनिटे. अण्णा.'

मी मराठीचा प्राध्यापक. समीक्षेची पुस्तके कोळून प्यायलेला. पण बिघाडाचा खर्च मोजायचा असतो कुणाकडून, हे मला त्या दुधाच्या वहीने शिकवले. दुरुस्तीचे बिल मालक भरतो, म्हणून त्याला ते दिसते, आणि ते फेडले की गाडी माफ करण्याचा हक्क आपल्याला मिळाला असे त्याला वाटते. वाट पाहण्याचे बिल मात्र मागच्या सीटवरचे लोक भरतात. ते कुठल्याच पावतीवर येत नाही. मी नऊ वर्षे मोठ्या मनाने गाडीला क्षमा करीत होतो, ती दुसऱ्यांच्या खिशातून.

गाडी विकायला काढली. घेतली कोणी? उस्तादाने! अकरा हजारांना. त्याने तिचे इंजिन (तोच तो शेर) उतरवून डिझेलचे बसवले आणि पुढे सात वर्षे ती उदगीरकडे पॅसेंजर भरभरून पळवली. मला थोडा राग आला. मग उमगले, की बिघाड त्याच्या घरचाच होता. ज्याच्या हातात पाना आहे त्याला कुठलीही गाडी भरवशाची. ज्याच्या हातात फक्त खडू आहे, त्याने गाडी निवडताना स्वतःचे हात आधी पाहावेत.

नवी घेतली ती दुसऱ्या कंपनीची. कंपनी बदलली की मोक्ष मिळतो असे मात्र समजू नका. प्रत्येक कारखान्यात एखादे पोर मुळावर आलेले निघते. अमेरिकेत अशा गाडीला 'लिंबू' म्हणतात, आणि कनेक्टिकट राज्याने १९८२ साली लिंबू निघालेली गाडी परत घ्यायला लावणारा कायदाच केला. आपल्याकडे आपण लिंबू आधीच गाडीला बांधून मोकळे होतो, मिरच्यांसकट. ग्राहकाला दाद मागायचा कायदा १९८६चा. सदोष गाड्या सरकारी हुकमाने कारखान्याला परत बोलावायला लावण्याचा नियम तर १ एप्रिल २०२१ पासूनचा. तोवर आपला भरवसा लिंबावर.

नव्या गाडीबद्दल समीक्षक म्हणून काय लिहू? काहीच लिहिता येत नाही. ती सुरू होते, जाते, येते. कथानक नाही, संघर्ष नाही, उपकथानक नाही. उस्तादाचा चहा तुटला, गावाला माझा चेहरा दिसू लागला. भरवसा ही गाडीतली सर्वांत कंटाळवाणी गोष्ट आहे, म्हणूनच तिच्यावर ना बारशाला कोणी लिहीत, ना तेराव्याला. दुधाच्या वहीची मागची पाने कोरी राहिली. त्या कोऱ्या पानांपेक्षा चांगले परीक्षण कुठल्या गाडीला मिळाले असेल असे मला वाटत नाही.

परवा नातू नवी गाडी घ्यायची म्हणून मोबाइलवर काही दाखवीत होता. छपराला काच आहे, बोललेले गाडीला कळते, पडदा केवढा, तारे पाच. मी चष्मा लावून कौतुकाने पाहत होतो. आजी भाजी निवडीत होती. तिने मान वर न करता विचारले,

"नरसीच्या पुढं जाते का?"