वृत्तलेखाचे प्रकार : पाहिलेले आणि ऐकलेले

वृत्तपत्रविद्येवरील कोणतेही क्रमिक पुस्तक उघडावे, तो वृत्तलेखाच्या प्रकरणात प्रकारांची एक यादी हमखास आढळते. व्यक्तिचित्र, मुलाखत, प्रवासलेख, सणावारांच्या निमित्ताने लिहिलेला प्रासंगिक लेख, बातमीमागील हकीकत सांगणारा लेख, अशी ती लांबत जाते. वर्तमानपत्राच्या कचेरीत ज्यास 'फीचर' म्हणतात, त्याचे विषयावरून केलेले हे वर्गीकरण परीक्षेपुरते सोयीचे असेल. परंतु समीक्षकाच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. एका हमालावर लिहिलेला लेख व्यक्तिचित्रही होऊ शकतो, मुलाखतही, आणि संपाच्या बातमीची पार्श्वभूमीही. माझ्या मते वृत्तलेखाचे खरे प्रकार लेखक कोठे उभा आहे यावरून पडतात. त्याने स्वतः पाहिले, की दुसऱ्याकडून ऐकले, की यांपैकी काहीच न करता उघडपणे सोंग घेतले?

सोंगाविषयी फार बोलावयास नको. अच्युत बळवंत कोल्हटकरांनी १९१५ साली 'संदेश' काढला आणि त्यातील वत्सलावहिनीच्या पत्रांनी घराघरांतील स्त्रीवर्गासही वर्तमानपत्राची गोडी लावली. ही वहिनी खरी नाही हे सुज्ञ वाचकास ठाऊक होते, आणि ते ठाऊक असूनच तो तिचे बोलणे मिटक्या मारीत वाचत होता. येथे फसवणूक नाही, कारण करार उघड आहे. अडचण उरलेल्या दोन प्रकारांत आहे.

ऐकीव वृत्तलेखाचे सर्वांत थोर उदाहरण म्हणजे जॉन हर्सी यांचा 'हिरोशिमा'. ३१ ऑगस्ट १९४६ रोजी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने आपला सबंध अंक या एकाच लेखास दिला. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला, त्या क्षणी सहा माणसे काय करीत होती, येथून लेखास प्रारंभ होतो. कारकुनी करणारी एक तरुणी, दोन डॉक्टर, एक जर्मन पाद्री, एक जपानी धर्मोपदेशक आणि एका शिंप्याची विधवा. ही विधवा आपल्या तीन मुलांस ढिगाऱ्यातून काढल्यावर शिवणयंत्र घरापुढील पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवते, कारण पोट त्यावर चालावयाचे असते. पुढे ते बाहेर काढते तेव्हा ते गंजलेले असते. या एका यंत्राने युद्धाविषयी जे सांगितले ते अग्रलेखांच्या चळतींस साधले नसते. हर्सी कोठेही हळहळत नाहीत, कोणास दोष देत नाहीत, 'मी' हा शब्दही उच्चारीत नाहीत.

पण येथेच थोडे थांबले पाहिजे. हर्सी यांनी यातील काहीही पाहिले नव्हते. घटनेनंतर नऊ-दहा महिन्यांनी ते तेथे गेले, माणसांस भेटले, ऐकले, आणि ऐकलेले असे लिहिले की जणू ते खोलीच्या कोपऱ्यात उभे होते. लेखकाचा संयम आणि साक्षीदारांचा प्रामाणिकपणा या दोहोंच्या आधारावर ही इमारत उभी राहिली. हलक्या हाती हेच तंत्र घातक ठरते. आजच्या पुरवण्यांतील व्यक्तिचित्रे पाहावीत. 'त्या पहाटे त्यांनी चहाचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर शून्य नजरेने पाहिले.' घोट कोणी पाहिला? नजर शून्य होती हे कोणी ठरविले? ऐकणे कोठे संपले आणि रचणे कोठे सुरू झाले, याचा मागमूस वाचकास लागत नाही. आणि लागू नये हेच लेखकाचे कसब मानले जाते.

याच्या अगदी उलट टोकास आपले अनिल अवचट. वैद्यकीची पदवी घेऊन लेखणीकडे वळलेल्या या गृहस्थांनी बिहारवरील 'पूर्णिया'पासून (१९६९) 'माणसं'पर्यंत (१९८०) आणि त्यापुढेही जे लिहिले, त्यात 'मी' सतत दिसतो. कित्येक टीकाकारांस तो खटकला. मला तो खटकत नाही, कारण तो मिरविणारा 'मी' नव्हे. तो ओझ्याखालील माणसास भाबडा प्रश्न विचारतो, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत शिरतो, आणि आपणास अमुक ठाऊक नव्हते असे कबूल करतो. भाषा इतकी साधी की प्रथमदर्शनी तिला शैलीच नाही असे वाटावे. क्वचित तपशिलांची गर्दी होते आणि लेख विस्कळीत होतो, हेही खरे. परंतु प्रत्येक तपशील कोठून आला हे वाचकास कळते. हर्सी यांच्या लेखातील घोटीव सौंदर्य येथे नाही. विद्यार्थ्यापुढे नमुना म्हणून एकच ठेवावयाचा झाल्यास मात्र मी अवचटांचा ठेवीन.

हे सांगण्याचा अधिकार मला एका चुकीने मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीसाठी मी एका गावच्या जत्रेवर लेख लिहिला. तेथे मी लहानपणी एकदा गेलो होतो. उरलेला मजकूर गॅझेटियर आणि कल्पना यांच्या साहाय्याने भरला. पालखी नदीत उतरते ते दृश्य तर मी विशेष रंगविले होते. लेखाची वाहवा झाली. पंधरा दिवसांनी त्या गावातील एका शाळामास्तरांचे पोस्टकार्ड आले. त्यात रागाचा शब्द नव्हता. धरण झाल्यापासून जत्रेच्या दिवसांत नदीस पाणी नसते, पालखी आता टँकरच्या पाण्याने न्हाते, आणि त्या टँकरवरून गावात दोन तट पडले आहेत, एवढेच त्यांनी कळविले होते. खरा लेख त्या पोस्टकार्डावर होता, आणि मी तो घरबसल्या दवडला होता.

तेव्हापासून वर्गातील वृत्तलेख तपासताना मी समासात 'कोणी पाहिले?' एवढेच लिहितो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने एस.टी.च्या आगारातील रात्रपाळीवर आठ पाने लिहून आणली. त्यातील अकरा ठिकाणी मी हा प्रश्न लिहिला. ती दुसऱ्या खेपेस अडीच पानेच घेऊन आली, आणि थोड्या घुश्शातच म्हणाली, "सर, बाकीचं पाहायला पुन्हा जावं लागेल. वडील रात्रीचं पाठवत नाहीत." तिला काय उत्तर द्यावे हे मला त्या दिवशी सुचले नाही. अडीच पाने मात्र मी ठेवून घेतली.