विनोदी चित्रपटांचे विलंबित उत्तरभाग

१

एखादा विनोदी चित्रपट लोकप्रिय व्हावा, त्यातील पात्रे प्रेक्षकांच्या बोलण्याचालण्यात रुळावीत आणि मग वीस-तीस वर्षांनी त्याच पात्रांना पुन्हा पडद्यावर आणावे, ही प्रथा अमेरिकेत आता चांगलीच रुजली आहे. ‘डंब अँड डंबर’ ह्या १९९४ च्या चित्रपटाचा उत्तरभाग २०१४ मध्ये निघाला. ‘बिल अँड टेड’ ह्या जोडगोळीचा तिसरा चित्रपट दुसऱ्यानंतर एकोणतीस वर्षांनी, २०२० मध्ये आला. ‘कमिंग टु अमेरिका’ आणि ‘बीटलज्यूस’ हे दोन्ही चित्रपट १९८८ चे. त्यांचे उत्तरभाग अनुक्रमे २०२१ आणि २०२४ मध्ये प्रकाशित झाले. मराठीही ह्याला अपवाद राहिलेली नाही. ‘झपाटलेला’ (१९९३) ह्याचा दुसरा भाग २०१३ मध्ये आणि ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) ह्याचा दुसरा भाग २०२४ मध्ये आला.

अशा चित्रपटांविषयी जो प्रश्न विचारला जातो तो एकच असतो : पहिल्याची सर दुसऱ्याला आली काय? आणि उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. ते नकारार्थी असते आणि त्याला जोडून निर्मात्यांच्या धनलोभाचा उल्लेख येतो. हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी पुरेसे नाही. धनलोभ पहिल्या चित्रपटाच्या मुळाशीही असतोच. त्याने तेथे विनोदाची हानी केली नाही, मग येथेच का केली, ह्याचा उलगडा त्यातून होत नाही. हेतूच्या शुद्धतेवर कलाकृतीची प्रत ठरत नसते. सर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’चा पहिला भाग १६०५ मध्ये निघाला. १६१४ मध्ये आव्हेयानेदा ह्या टोपणनावाने कोणी परक्याने त्याचा बनावट दुसरा भाग छापला. त्या चोरीचा संताप सर्व्हांतेसच्या लेखणीला डिवचीत होता, आणि १६१५ मध्ये त्याचा स्वतःचा दुसरा भाग बाहेर पडला. ईर्ष्या आणि अर्थप्राप्ती हे दोन्ही हेतू त्यामागे नव्हते असे कोण म्हणेल? तरीही अनेक जाणकार त्या दुसऱ्या भागाला पहिल्याहून श्रेष्ठ मानीत आले आहेत.

तेव्हा प्रश्न हेतूचा नसून स्वरूपाचा आहे. हास्य निर्माण करणाऱ्या पात्राचा काळाशी कोणता संबंध असतो, आणि दोन भागांच्या मध्ये लोटलेल्या काळाचे उत्तरभाग काय करतो, ह्याचा विचार केल्यावाचून ह्या चित्रपटांच्या यशापयशाची मीमांसा होऊ शकत नाही.

२

भरताने शृंगाराच्या अनुकृतीला हास्य म्हटले आणि विकृत वेष, विकृत अलंकार इत्यादी त्याचे विभाव सांगितले. ह्या विवेचनातील मर्म असे की, हास्याला आपल्या अगोदरचे काही तरी गंभीर लागते. राजाचा डौल, प्रियकराची आर्तता, पंडिताचे ज्ञान ह्यांची वाकडी छाया म्हणजे विनोद. उत्तरभागाची अडचण नेमकी येथे सुरू होते. त्याच्यापुढे अनुकरणासाठी जे असते ते आयुष्यातले गांभीर्य नसून एक पूर्वीचा विनोद असतो. शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य जन्मते. हास्याच्या अनुकृतीतून मात्र पुन्हा हास्य जन्मतेच असे नाही. तेथे बहुतेकदा जन्मते ती ओळख. परिचित वाक्य, परिचित वेष, परिचित हावभाव दिसताच प्रेक्षक सुखावतो आणि त्या सुखालाच हसू समजतो. ओळखीचा आनंद खोटा नव्हे. परंतु तो हास्यरस नव्हे, आणि ह्या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच अशा चित्रपटांचे मूल्यमापन फसते.

दुसरी अडचण पात्राच्या घडणीत आहे. विनोदी पात्र हे स्वभावतः काळाबाहेरचे असते. बर्गसाँने १९०० मधील आपल्या हास्यविषयक ग्रंथात दाखविले की, जिवंत माणसाच्या वागण्यात यंत्राचा ताठरपणा शिरला म्हणजे तो हास्यास्पद होतो. असा माणूस अनुभवाने शहाणा होत नाही. शहाणा झाला तर तो विनोदी उरत नाही. चिमणराव आणि गुंड्याभाऊ चिं. वि. जोशांच्या एकामागून एक पुस्तकांत अवतरले, तरी वाचकाला त्यांच्या वयाचा हिशेब ठेवावा लागला नाही. कारण छापील पात्राला शरीर नसते. चित्रपटातील पात्राला मात्र नटाचे शरीर असते, आणि ते शरीर काळाच्या सत्तेबाहेर नसते. पात्र बदलत नाही आणि नट बदलतो, ह्या विसंगतीतून उत्तरभागाला मार्ग काढावयाचा असतो. त्याचे तीन मार्ग ह्या चित्रपटांत दिसतात : काळ नाकारणे, काळ मुखवट्याखाली झाकणे आणि काळालाच विषय करणे.

३

‘डंब अँड डंबर टु’ हा पहिल्या मार्गाचा ठळक नमुना होय. त्याचा आरंभ मोठा चतुर आहे. लॉईड वीस वर्षे मनोरुग्णालयात निश्चेष्ट बसून आहे आणि हॅरी त्याला नेमाने भेटावयास येतो. मग उघड होते की ही सारी वीस वर्षे म्हणजे लॉईडने मित्राची केलेली थट्टा होती. दोन चित्रपटांमधला काळ एकाच विनोदात गिळून टाकण्याची ही युक्ती दाद देण्याजोगी आहे. परंतु युक्तीचा अर्थ लक्षात घेतला म्हणजे तिचे दारिद्र्यही दिसते. काळ गेला, पण काही घडले नाही, असे ती सांगते. आणि पुढील सर्व प्रसंग त्या विधानाला बांधले जातात.

परिणाम असा होतो की, तेच वर्तन वेगळा रस उत्पन्न करू लागते. पहिल्या चित्रपटात मेरी नावाच्या तरुणीसाठी लॉईड अर्धा देश ओलांडतो. त्यात मूर्खपणा आहे, पण तो निरागस आहे. दुसऱ्या चित्रपटात तो भुलतो ती हॅरीच्या, नव्यानेच कळलेल्या, तरुण मुलीच्या छायाचित्राला. जिम कॅरी त्या वेळी पन्नाशी ओलांडलेला नट होता. बत्तिशीतल्या खुळचट माणसाची प्रेमविव्हलता हसू आणते. पन्नाशीतल्या माणसाची मित्रकन्येविषयीची तीच विव्हलता किंचित शिसारी आणते आणि किंचित कीव. संवाद, हावभाव आणि गती सारी पूर्वीची. विभाव तेवढा बदललेला. हास्याच्या जागी बीभत्स आणि करुण डोकावू लागतात, आणि दिग्दर्शकांना त्याची जाणीव असल्याचे चिन्ह दिसत नाही.

‘कमिंग टु अमेरिका’चा उत्तरभाग वेगळ्या रीतीने चुकतो. मूळ चित्रपटाची गंमत स्थानभ्रंशात होती. झामुंडा ह्या कल्पित राज्याचा राजपुत्र अकीम न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अनोळखी म्हणून वावरतो, खाद्यगृहात फरशी पुसतो आणि त्यातच धन्यता मानतो. पायाखाली फुले उधळून घेणाऱ्याच्या हाती केरसुणी यावी, ह्या उलथापालथीत सारा विनोद साठविलेला होता. उत्तरभागातील बरीचशी कथा झामुंडाच्या राजवाड्यात घडते. तेथे अकीम राजा आहे आणि त्याला न ओळखणारा कोणी नाही. स्थानभ्रंश उरला तो क्वीन्सहून आणलेल्या त्याच्या मुलाच्या वाट्याला. परंतु दारिद्र्यातून ऐश्वर्यात जाण्याची कथा परीकथेची असते आणि तिच्यात उलट प्रवासाची तिखट धार नसते.

ह्या चित्रपटात एक खरे बीज होते, हेही सांगावयास हवे. ज्या तरुणाने बापाने ठरविलेले लग्न मोडून रूढीला आव्हान दिले, तोच प्रौढपणी रूढीचा रखवालदार झाला आहे. तीन कर्तबगार मुली असता तो वारसासाठी मुलगा शोधतो. काळाने माणसावर केलेला हा सर्वांत कडू विनोद होता. चित्रपट त्याला स्पर्श करतो, मात्र तेथे रेंगाळत नाही. न्हाव्याच्या दुकानातील ती जुनी म्हातारी मंडळी, एडी मर्फीची बहुविध सोंगे, पूर्वीचे पाहुणे ह्यांची हजेरी घेण्यात त्याचा वेळ जातो.

४

दुसरा मार्ग मुखवट्याचा. ‘बीटलज्यूस’मधील नायक हा मुळात मेलेलाच आहे, बुरसटलेल्या चेहऱ्याचे ते रंगलेपन मायकेल कीटनला १९८८ मध्ये जेवढे झाकीत होते, तेवढेच २०२४ मध्येही झाकते. शिवाय पहिल्या चित्रपटात तो अगदी थोडा वेळ पडद्यावर होता, आणि उत्तरभागानेही हा संयम बऱ्याच अंशी पाळला. वय वाढते ते जिवंतांचे. भुते पाहणारी एकलकोंडी मुलगी लिडिया आता दूरचित्रवाणीवर भुतांचा कार्यक्रम करणारी प्रौढ स्त्री झाली आहे आणि तिच्याच मुलीचा तिच्यावर विश्वास नाही. बदलणारे आणि न बदलणारे ह्यांची अशी वाटणी झाल्यामुळे चित्रपटाला तोल मिळतो. उपकथानकांची गर्दी त्याला पुढे जड करते, ही गोष्ट वेगळी.

महेश कोठारे ह्यांच्या ‘झपाटलेला २’लाही हा मार्ग उपलब्ध होता. तात्या विंचू हा बाहुला आहे; बाहुल्याला म्हातारपण नाही. रामदास पाध्ये ह्यांनी हलविलेला आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाने जिवंत झालेला तो बाहुला वीस वर्षांनी त्रिमिती तंत्रासह परत आला, तेव्हा त्याच्या दहशतीत उणे काही नव्हते. उणे होते ते त्याच्या समोर. पहिल्या चित्रपटातील हास्याचा उगम बाहुल्यात नव्हता. तो बाहुल्याला घाबरणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांच्या चेहऱ्यात होता. बोलक्या बाहुल्यांचा खेळ करू पाहणाराच बाहुला खरोखर बोलू लागल्यावर भेदरून जातो, ह्या विरोधात त्या कथेचे सारे रहस्य होते. बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी निवर्तले. उत्तरभागात बाहुला त्या पात्राच्या मुलामागे लागतो. वारसा कथेने मिळतो, पण भयाचे हास्यात रूपांतर करणारी ती विशिष्ट देहबोली वारशाने मिळत नाही. मुखवटा टिकला आणि चेहरा गेला. मुखवट्याला हास्यासाठी चेहऱ्याची गरज असते, हा धडा ह्या दोन चित्रपटांच्या तुलनेतून मिळतो.

‘नवरा माझा नवसाचा’च्या बाबतीत नट टिकले, वाहन बदलले. सचिन पिळगावकर ह्यांच्या मूळ चित्रपटात गणपतीपुळ्याचा विचित्र नवस फेडावयास निघालेले जोडपे एस. टी. ने प्रवास करते, आणि अशोक सराफ ह्यांचा कंडक्टर त्या प्रवासाचा सूत्रधार होतो. एस. टी. हे महाराष्ट्राचे फिरते चव्हाटे आहे. तिच्यात सर्वांना एकमेकांचे बोलणे ऐकावे लागते, आणि घंटीची दोरी ज्याच्या हातात तो क्षणभर सर्वांचा राजा असतो. दुसऱ्या भागात नवस जावयाकडे गेला, प्रवास कोकण रेल्वेने होऊ लागला आणि कंडक्टरच्या जागी तिकीट तपासनीस आला. बदल काळाला धरून आहे. परंतु गाडी अनेक डब्यांची असते, आणि तपासनीस येतो-जातो, नांदत नाही. एका चौकटीत कोंडलेला समाज हे जे मूळ विनोदाचे अधिष्ठान, ते डब्याडब्यांत विभागले गेले. सराफ ह्यांचे कसब कमी झालेले नाही. त्या कसबाला टेकावयास पूर्वीची भिंत राहिली नाही.

५

तिसरा मार्ग कठीण आहे आणि म्हणूनच विरळा. ‘बिल अँड टेड फेस द म्युझिक’ हा चित्रपट त्या मार्गाने जातो. पहिल्या दोन चित्रपटांत ह्या दोन उनाड पोरांना भविष्यवाणी मिळाली होती की, त्यांचे संगीत जगाला एक करील. तिसऱ्या चित्रपटाच्या आरंभी ते मध्यमवयीन आहेत आणि ते गाणे अद्याप झालेले नाही. न पुऱ्या झालेल्या भाकिताचे ओझे, म्हणजेच मधली वर्षे, हाच कथेचा विषय होतो. दोघांचे अविभाज्य मैत्र हा पूर्वीचा विनोद. आता तेच मैत्र विवाह-समुपदेशकाच्या खोलीत दोन्ही जोडप्यांना एकत्र घेऊन येते, आणि दोन्ही नवरे आपापल्या पत्नीविषयीचे प्रेमसुद्धा अनेकवचनात व्यक्त करतात. यंत्र जुनेच आहे. ते नव्या आयुष्यात अडकले आहे. म्हणून हसूही नवे आहे.

पुढे ते आपल्याच भावी रूपांकडून गाणे चोरावयास भविष्यात जातात, आणि प्रत्येक मुक्कामी त्यांना अधिक कडवट झालेले आपण स्वतः भेटतो. उत्तरभाग काढणाऱ्या प्रत्येकाची हीच अवस्था नसते काय? आपल्या दुसऱ्या काळातील यशावर हात मारून आपले आजचे रितेपण भरून काढण्याचा हा उद्योग चित्रपटाने स्वतःवरच उलटविला आहे. शेवटी कळते की ते गाणे त्यांचे नव्हेच, त्यांच्या मुलींचे आहे. बापांनी साथ करावयाची आहे. चित्रपट सर्वत्र सारखा रंगत नाही, ऐतिहासिक संगीतकारांची जमवाजमव घाईची वाटते. तरी त्याने पहिल्या चित्रपटाची नक्कल करण्याऐवजी त्याला उत्तर दिले आहे.

सर्व्हांतेसने केले ते हेच. ‘दोन किहोते’च्या दुसऱ्या भागातील पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे, त्या वाचनामुळेच ती नायकाची थट्टा करतात. प्रसिद्धी हाच छळ होतो, आणि अखेरीस वेड्याचे शहाणे होणे हाच शोक ठरतो. चॅप्लिनने तर आपल्या भटक्याला पुन्हा बोलावलेच नाही. ‘लाइमलाइट’ (१९५२) मध्ये त्याने काल्व्हेरो नावाचा, हशा गमावलेला वृद्ध विदूषक रंगविला, आणि शेवटच्या रंगमंचप्रसंगी बस्टर कीटनला शेजारी घेऊन त्या गमावलेपणातूनच हशा काढला.

ह्यावरून ‘सर आली काय?’ ह्या प्रश्नाचे रूपच बदलते. उत्तरभागाने पहिल्याची बरोबरी करण्याचा यत्न केला की तो हरतो. कारण पहिल्याच्या बाजूला प्रेक्षकाचे तारुण्यही उभे असते आणि त्याच्याशी कोणी जिंकत नाही. भाषांतर जसे मूळ कृतीच्या शब्दांशी स्पर्धा करू लागले की निर्जीव होते आणि स्वतःच्या भाषेत बोलू लागले की तरते, तसेच उत्तरभागाचे आहे. त्याने आपल्या काळाच्या भाषेत बोलावयास हवे. विनोदी पात्राला वय नसते हे खरे, परंतु त्याला हसणाऱ्याला असते. त्या वयाला जो चित्रपट आदराने वागवितो, त्याला प्रेक्षकाचे हसू पुन्हा मिळते. बाकीच्यांना त्याची ओळख तेवढी मिळते, आणि ओळख दिल्यावर माणसे आपापल्या वाटेने जातात.